मदत हवी आहे: इयर ६ मधून सेकंडरीत जाताना शाळांचा पसंतीक्रम आणि अपील (इंग्लंड)

हॅरोकर: मुलगी इयर ६ मध्ये (प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात) आहे. फॉर्म ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचाय, सहा शाळा लिहिता येतात. स्लाऊच्या ग्रामर स्कूलच्या (परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा) परीक्षेत तिला पात्रतेच्या १११ पेक्षा जास्त गुण आहेत, पण आम्ही लांब, हॅरोत राहतो. ग्रामर पहिली लिहिली तर घराजवळची शाळा हातची जाईल का? काही जण म्हणतात एकच शाळा लिहा, मग कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) ती द्यावीच लागते. आणि नकार आला तर अपिलात काय मांडायचं?

पाटीपेन्सिल: एकच शाळा लिहायचा सल्ला अजिबात ऐकू नका. तिथे जागा नसेल, तर इतरांना वाटून झाल्यावर जिथे रिकामी जागा उरेल ती शाळा कौन्सिल देतं, आणि अशी जागा कुठे उरते ते वेगळं सांगायला नको.

तुमचा क्रम शाळेला कळतच नाही. प्रत्येक शाळा आलेले सगळे अर्ज आपल्या निकषांवर (भावंड, अंतर, धर्म वगैरे) लावते. मग कौन्सिल तुमची यादी वरून खाली बघतं आणि मिळू शकणारी सगळ्यात वरची शाळा देतं; खालच्या आपोआप गळतात. म्हणजे जवळची शाळा दुसरी लिहिली म्हणून तिथला नंबर मागे जात नाही. पहिली पसंती लिहिणाऱ्यांना आधी घ्यायची पद्धत २००७ च्या नियमावलीने बंद केली, सल्ले मात्र अजून त्याच काळातले फिरतात. मनापासून हवी ती शाळा वर लिहा.

फक्त सहांपैकी एक तरी खात्रीची हवी. त्यासाठी गेल्या वर्षी शेवटची जागा किती अंतरावर गेली तो आकडा बघा आणि तुमचं घर त्याच्या बरंच आत असू द्या, कारण तो दरवर्षी हलतो. काही ठिकाणी सरळ रेषेत मोजतात, काही ठिकाणी चालायच्या रस्त्याने. फोनवरच्या नकाशावर विसंबू नका.

शाळा स्लाऊची असली तरी फॉर्म हॅरो कौन्सिलकडेच जातो. चर्चची वगैरे शाळा लिहिणार असाल तर तिचा पुरवणी फॉर्म वेगळा असतो. तो राहिला तर धर्माच्या निकषाचा फायदा जातो.

अपीलवाला: निकालाच्या दिवशी, १ मार्चला, जी शाळा मिळेल ती आधी स्वीकारा. त्याने वेटिंग लिस्टला किंवा अपिलाला धक्का लागत नाही. नाकारलीत तर हातात काहीच राहत नाही. वेटिंग लिस्ट निकषांनुसार लागते, आधी कोण आलं त्यावर नाही, त्यामुळे नंबर खालीही जातो. ती निदान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवावी लागते.

अपील प्रत्येक शाळेसाठी वेगळं. नकार कळल्यापासून किमान २० शालेय दिवसांची मुदत असते, ती संपल्यावर ४० शालेय दिवसांत सुनावणी. पॅनेल स्वतंत्र असतं, निदान तिघांचं. ते आधी बघतं की नियम बरोबर लावले का. अंतर चुकीचं मोजलं गेलं आणि त्यामुळेच जागा हुकली असेल, तर तिथेच जिंकलात. नसेल तर आणखी एक मूल घेतल्याने शाळेचं किती बिघडेल, हे शाळेने दाखवायचं असतं. म्हणून लेखी विचारा: वर्गखोल्या किती, सध्या कोणत्या इयरमध्ये किती मुलं, गेल्या काही वर्षांत ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त घेतली का. '३० मुलांच्या वर्गाची मर्यादा' असलेले तयार नमुने वापरू नका, ती इयर २ पर्यंतच्या लहान मुलांच्या वर्गांची.

यानंतर तुमची बाजू. मिळालेली शाळा कशी वाईट, यावर वेळ घालवू नका. मुलीला लागणारं काय याच शाळेत आहे आणि तिकडे नाही, ते पुराव्यासकट मांडा: शिक्षकांचं पत्र, डॉक्टरांचं पत्र, विषय. ती पात्र ठरलेली आहे, त्यामुळे हुशारी सिद्ध करत बसायची गरज नाही.

हॅरोकर: आभार! तिसरी शाळा मिळाली, तर चौथीसाठी अपील करता येतं का?

अपीलवाला: लगेच नाही. चौथीने नकार दिलेलाच नसतो, ती यादीतून गळलेली असते. तिथे उशिराचा अर्ज करा. नकार आला की मग अपील.