किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एसएसीडी फाइलींत उतरवून ठेवाव्यात का? माझ्या मते हो, आणि लगेच

खाडीकाठ (रत्नागिरी):
घरात एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) किंवा डीव्हीडी-ऑडिओच्या, म्हणजे साध्या सीडीहून वरच्या दर्जाच्या आवाजाच्या तबकड्या असतील तर त्या वेळेत संगणकावर उतरवा. मी आवाजाच्या दर्जासाठी म्हणत नाही, आपल्या हवेमुळे म्हणतोय. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, खाऱ्या वाऱ्याने प्लगच्या पितळी पिना हिरव्या पडतात. प्लेअरची लेन्स त्यातून सुटत नाही. तबकडी एक वेळ टिकेल, वाचणारं यंत्र टिकणार नाही. सोनी आणि फिलिप्सने १९९९ साली एसएसीडी आणली, पण तिचा वरच्या दर्जाच्या आवाजाचा थर संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हला वाचताच येत नाही. जुन्या फर्मवेअरचा (आतल्या मूळ सॉफ्टवेअरचा) प्लेस्टेशन ३ किंवा ठरावीक चिपसेटचे काही ब्लू-रे प्लेअर लागतात, आणि तेही आता जुन्या बाजारातच मिळतात.

देवगडकर:
दादा, नाही पटलं. बहुतेक एसएसीडी हायब्रिड असतात, म्हणजे त्यांत साध्या सीडीचाही एक थर असतो. त्यांतला सीडीचा थर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा. तो कुठल्याही ड्राइव्हमधून काढा, फ्लॅक (दर्जा न घटवता आटोपशीर होणारी फाइल) करा, झालं काम. त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो आणि माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही. पन्नाशी उलटली की त्याच्याही बराच अलीकडे थांबतो. २००७ साली मायर आणि मोरान या संशोधकांनी एसएसीडी-डीव्हीडी-ऑडिओचा आवाज एकदा थेट आणि एकदा १६/४४.१ मधून फिरवून ऐकवला. नेहमीच्या आवाजपातळीवर लोकांना फरक ओळखता आला नाही. डीएसडीला (एसएसीडीवर आवाज ज्या रूपात साठवतात त्याला) मात्र दोन चॅनेलांसाठीच, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरांपुरतीच, तासाला अडीच जीबी जागा जाते.

खाडीकाठ:
कानाबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण सीडीच्या थरात चॅनेल दोनच. माझ्याकडच्या वाद्यवृंदाच्या तबकड्यांत मागच्या स्पीकरांतून सभागृहाचा घुमारा येतो, टाळ्या पाठीमागून उठतात. ते फक्त वरच्या दर्जाच्या थरात आहे. शिवाय काही तबकड्यांत दोन्ही थरांचं मास्टरिंगच (आवाजाची शेवटची जुळणी) वेगळं असतं, आणि सुरुवातीच्या कित्येक एसएसीडींना सीडीचा थरच नव्हता. त्यांचं काय करायचं?

सावंतवाडी_श्रोती:
मला हे कुलूप तोडणंच मान्य नाही. एसएसीडीवरचं संरक्षण कंपनीने मुद्दाम घातलंय. बऱ्याच ध्वनिमुद्रणांच्या डीएसडी फाइली अधिकृतपणे विकत मिळतात. त्या घ्या, कलाकारालाही चार पैसे जातील.

वेंगुर्ल्याचा वकील:
ताई, कायद्यापुरतं सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, पण हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडणाऱ्याला. कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी रास्त व्यवहाराची मुभा आहे. स्वतः घेतलेल्या तबकडीची घरात ऐकायला केलेली प्रत आणि मित्रांना वाटलेल्या फाइली यांत फार मोठं अंतर आहे. दुसरी गोष्ट मी कुणालाही करू देणार नाही.

सावंतवाडी_श्रोती:
पण वाटणारे वाटतातच ना! एकदा फाइल झाली की ती कुठे जाईल हे कोण सांगणार? माझं मत तेच आहे.

चिपळूणची वासंती:
सगळे तबकडीबद्दल बोलताय, हार्ड डिस्कचं काय? २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर तबकड्या होत्या आणि बॅकअपची डिस्कही त्याच कपाटात. दोन्ही चिखलात गेल्या. दुसरी प्रत वेगळ्या गावी नसेल तर उतरवण्यात अर्थ नाही. आमची आता पुण्याला भावाकडे असते.

खाडीकाठ:
वासंतीताई, शंभर टक्के. माझी दुसरी प्रत डोंबिवलीला मुलीकडे आहे. आणखी एक: आधी पूर्ण आयएसओ (अख्ख्या तबकडीची एकच फाइल) काढून जपा, मग त्यातून डीएसएफ (गाण्यागणिक डीएसडी फाइल) करा, त्यात गाण्यांची नावं भरता येतात. पीसीएम (सीडीवर असतं ते आवाजाचं रूप) करायचंच असेल तर ९६ किलोहर्ट्झ नको, ८८.२ किंवा १७६.४ घ्या; डीएसडीचा २.८२२४ मेगाहर्ट्झ हा ४४.१ च्या ६४ पट आहे, भागाकार पूर्ण जातो.

देवगडकर:
चॅनेलांचा मुद्दा मान्य, त्या तबकड्या उतरवा. पण ज्याच्याकडे दोनच स्पीकर आणि हायब्रिड तबकड्या आहेत, त्याला मी अजूनही सीडीचाच थर काढायला सांगेन. वाचलेले पैसे त्याने दुसऱ्या हार्ड डिस्कवर घालावेत.