ऑफिसच्या मंडळींसोबत डोंगरातल्या गावांतून: तुमची गोव्यातली पायवाट सांगा

गोव्यात ऑफिसची सहल म्हटली की किनारा नाहीतर रिसॉर्ट. पण सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांत अजून अशी गावं आहेत जिथे एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर लोक पायीच जातात. रोज शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसांसोबत तुम्ही अशा वाटेवर कधी दिवसभर चाललात का? कुठून कुठे गेलात, कुणाच्या अंगणात टेकलात, काय खाल्लंत, काय चुकलं, सगळं लिहा. गावांची नावं जरूर लिहा, माणसांची नकोत. सुरुवात मीच करते.

वाळपई, बँक कर्मचारी

आमची शाखा सत्तरीत. सत्तर गावांची म्हणून सत्तरी, आणि त्यातली कितीतरी गावं आमच्या काउंटरवर येतात. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे जमा झाले का, गृह आधारचे आले का, पासबुकावर नोंद करून द्या, हे महिन्याच्या सुरुवातीचं रोजचं काम. गावांची नावं मला अर्जावरून पाठ होती. गावं मात्र पाहिली नव्हती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही आठजण साट्रेला निघालो. नगरगावच्या बाजूने गेलो आणि गाडी मुद्दाम बरीच अलीकडे ठेवली. आधी कुळागरं लागली. पोफळीवर चढलेले मिरवेल, खाली जायफळ आणि केळी, मधून खळखळणारा पाट. मग काजूच्या बागा, मग रान. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, त्यांची सुरुवात साट्रेच्याच डोंगरावर झाली होती. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं वरून पाणी ओतत होती तेव्हा आम्ही ते मोबाइलवर पाहत होतो. आता तिथे एका माट्टीच्या बुंध्याला हात लावला तर तळव्याला काळं लागलं. त्याच बुंध्याच्या तळाशी वीतभर कोवळे कोंब होते, तांबूस पानांचे. आमचे हिशेबनीस त्या झाडापाशी बराच वेळ बसून राहिले.

गावात एका अंगणात पाणी मागितलं. म्हातारी आजी बाहेर आली, आमच्या कॅशियर बाईंकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "बाय, तूं बँकेंतली न्हय?" पाणी आलं, सोबत गुळाचा खडा आला. मग ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक घेऊन आली. बँक दारात आलीच आहे तर पैसे जमा झाले का तेवढं सांगा, एवढंच तिचं म्हणणं. मोबाइलला रेंज नव्हती, सांगता आलं नाही. कॅशियर बाईंना मात्र आठवलं. महिन्यापूर्वी आजीचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता आणि गर्दी होती म्हणून त्यांनीच तिला "उद्या या" सांगून परत पाठवलं होतं. त्या "उद्या"साठी ती किती चालली असेल, ते आमच्या पायांना त्या दिवशी कळत होतं. आजीच्या बोलण्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता. आम्ही निघालो तेव्हा तिने पिशवीत चार तोरंजनं, म्हणजे पपनसं, घातली.

सोमवारी कॅशियर बाईंनी एका कागदावर लांबच्या गावांच्या परतीच्या बसच्या वेळा लिहिल्या आणि काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवल्या. ज्याची बस लवकर, त्याचं काम आधी. मॅनेजर साहेब "हो" म्हणाले. तो कागद अजून तिथेच आहे, मध्ये एकदा वेळा बदलल्या म्हणून नवा लिहिला.

डिचोली, शिक्षक

आम्ही सप्टेंबरात सुर्ल्याला गेलो, बाराजण, सगळा शिक्षकवर्ग. चोर्ला घाट चढून वर गेलं की कर्नाटकाच्या सीमेला चिकटून हे गाव. गाव उंचावर असल्यामुळे पावसाच्या शेवटी तिथे ढग अंगणातच असतात. लाडक्याचा वझर हा धबधबा बघायचा म्हणून सगळे आले होते. कड्यावर पोचलो तर समोर नुसता पांढरा पडदा, आणि आतून पाण्याचा आवाज. अर्धा तास उभे राहिलो. ढग फाटला तो दोन मिनिटं असेल, पण तेवढ्यात समोरच्या डोंगरावरून एकाशेजारी एक सुटलेल्या धारा दिसल्या आणि कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

मला सांगायचं आहे ते आमच्या विज्ञानाच्या बाईंबद्दल. स्टाफरूममध्ये त्या वह्या तपासतात, डबा खातात, जातात. सड्यावर पाऊल ठेवलं आणि बाई बोलायला लागल्या. सगळीकडे निळी-जांभळी बारीक फुलं होती, सीतेची आसवं. बाई म्हणाल्या, जांभ्या दगडावर मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो, त्यात नत्र नाही. म्हणून हे झाड पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. मुळांच्या जागी मोहरीपेक्षा लहान पिशव्या असतात. जीव पिशवीच्या केसाला लागला की झाकण उघडतं, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि झाकण बंद. आमचे मुख्याध्यापक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, रेनकोटसकट पोटावर आडवे झाले आणि भिंगातून पाहत राहिले. नंतर त्यांनी सगळ्यांना बजावलं की दगडावरून चाला, फुलांवर पाय नको. परत आल्यावर बाईंना हवी होती ती सूक्ष्मदर्शकं मागवायचं पत्र त्यांनी त्याच आठवड्यात लिहिलं. बाई ती तीन वर्षं मागत होत्या.

जेवण गावातल्या एका घरी आधी सांगून ठेवलं होतं. नाचणीची भाकरी, अळसांद्याचं तोणाक, सोलकढी. किती द्यायचे विचारलं तर वहिनी काही सांगेनात, "तुमकां दिसता तें दियात." ही अवघड वेळ त्यांच्यावर आणू नका. दर माणशी किती ते आधीच ठरवा, आणि ठरल्यापेक्षा माणसं कमी आली तरी सांगितलेल्या पानांचे पैसे द्या. त्यांनी भाकऱ्या पहाटे उठून थापलेल्या असतात.

सत्तरी, परिचारिका

थोडक्यात लिहिते, पण हे वाचाच. साधारण जानेवारीपासून पावसापर्यंत रानातून चालणार असाल तर गोचिडींपासून जपा. 2015 मध्ये सत्तरीतल्या पाली गावात गोचिडीच्या चावण्यातून होणारा माकडताप आला, मग आजूबाजूच्या गावांतही. काजूच्या दिवसांत बागेत वाकून काम करणाऱ्यांना तो जास्त होतो, आणि फिरायला येणारे नेमके त्याच बागांतून जातात. पूर्ण बाह्या, लांब पँट, पँटचं टोक मोज्यात खोचलेलं. पाचोळ्यावर बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवा. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा, काखा आणि गुडघ्यामागची जागा पाहा. आठवड्या-दीड आठवड्यात जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरना रानात गेल्याचं आपणहून सांगा. आमच्या केंद्रातली सातजणी आम्ही हिवऱ्याला गेलो होतो, तेव्हा गावातल्या बायकांनीच आमच्या पाठी तपासल्या. एरवी हे काम आम्ही करतो.

वेर्णा, कारखान्यात सुपरवायझर

आमची टीम चौदाजणांची, अर्धे गोव्याबाहेरचे. नेत्रावळीच्या वर डोंगरात तुडव, वेर्ले, साळजिणी ही गावं आहेत. ऑक्टोबर संपता संपता गेलो. वन खात्याच्या नाक्यावर नोंद केली, गावातला एक वेळीप समाजातला तरुण वाटाड्या घेतला. हे दोन्ही न करता जाऊ नका. 2023 च्या जुलैत मैनापीच्या धबधब्यावर दोघे बुडाले, त्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी आली होती. आमच्या वाटाड्याने पाण्याजवळ कुणालाच जाऊ दिलं नाही, आणि आमच्यातले दोघे त्याच्यावर चिडले, ते मला अजून टोचतं. वरून ऊन असलं तरी डोंगरामागे पाऊस पडला की व्हाळाला पाणी चढतं. त्याने आम्हाला काठावरच्या दगडांवर अडकलेला पाचोळा दाखवला, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. आदल्या पावसात पाणी तिथवर आलं होतं. चिडलेले दोघे तिथे गप्प झाले.

जळवा लागल्या. चुना-तंबाखूचं पाणी मोज्यांवर लावलं होतं त्यांना कमी. लागलेली जळू ओरबाडून काढू नका, नखाने कडेने सोडवा.

वेर्ल्यात थंडीत स्ट्रॉबेरी लावतात, त्याचे वाफे तयार करायचं काम चाललं होतं. आमचा एक ऑपरेटर मूळचा महाबळेश्वराकडचा. तो गडी वाफ्यात उतरला आणि शेतकऱ्याशी तासभर रोपांच्या अंतरावर, आच्छादनावर बोलत बसला. एक मराठीत, दुसरा कोकणीत, दोघांचं अडलं कुठेच नाही. आठ वर्षं मी त्याची हजेरी लावतो आहे, त्याच्या घरी शेती आहे हे मला माहीत नव्हतं.

चूक माझी झाली. उतरताना वेळेचा अंदाज चुकला आणि आमचं ठरवलेलं वाहन निघून गेलं. अंधार पडला. ज्या घरापाशी आम्ही थांबलो त्यांनी चौदाजणांना पेज आणि लोणचं वाढलं, सारवलेल्या पडवीत चटया टाकल्या. वस्तीची कदंबा, म्हणजे सरकारी बस, खालच्या गावात येते, ती पहाटे सुटते. त्या बसने आम्ही उतरलो. ड्रायव्हर आणि कंडक्टर गावातच झोपले होते, आणि बसमध्ये शाळेची मुलं, दुधाचे कॅन, बाजाराला निघालेली मिरची. आमच्यातल्या प्रत्येकाने त्या दिवशी पहिल्या पाळीला उशिरा सही केली, आणि उशिराचं कारण मी रजिस्टरमध्ये खरं तेच लिहिलं.

पणजीत नोकरी, गाव सत्तरीत

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. माझ्या सहकाऱ्यांना मी माझ्याच गावी नेलं.

माझं घर डोंगराच्या पायथ्याशी. आई-वडील तिथेच असतात. ऑफिसात सगळे म्हणायचे, तुझ्या गावी ने, म्हणून नेलं. आईने दोन दिवस आधीपासून शिरवाळ्या करायला घेतल्या. साचा दाबायला बळ लागतं, शेजारच्या काकी मदतीला आल्या. नारळाचा रस, गूळ. नाचणीचं तिझण आदल्या रात्री करून थंड ठेवलेलं. वडिलांनी वाटेवरची झुडपं कोयत्याने कापून ठेवली, कुणाच्या कपड्यांना काटा लागू नये म्हणून. आलेल्या मंडळींना ती वाट मुळातच मोकळी वाटली असणार.

सकाळी मी त्यांना नानोड्याच्या बांबर वाड्यावर निरंकाराची राय दाखवायला नेलं. ही देवराई पाणथळ आहे, रानजायफळाच्या जातीची जुनी झाडं आहेत. त्यांची मुळं चिखलातून गुडघा दुमडल्यासारखी वर येतात आणि पुन्हा खाली जातात. चिखलाखाली हवा नसते, म्हणून झाड मुळाचा गुडघा वर काढून श्वास घेतं. तिथे काडी मोडायची नाही, हे आम्हाला लहानपणी कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. एकाने फोटोसाठी त्या मुळावर पाय दिला. मी सांगितल्यावर लगेच काढला, मनापासून क्षमा मागितली. पण एकीने मला विचारलं, "तुम्ही लोक इथे राहता कसे?" तिच्या मनात वाईट नव्हतं हे मला माहीत आहे. तरीही तो प्रश्न माझ्या आईसमोर विचारला गेला नाही, याचं मला बरं वाटलं.

दुपारी जेवण झाल्यावर वडिलांनी रणमाल्यातली पदं म्हटली. शिगम्यात आमच्याकडे रणमाले हे लोकनाट्य होतं, रामायण-महाभारताची कथा, आणि पदं मराठीत. वडील शाळेत फार गेले नाहीत, पण ही पदं त्यांना अखंड पाठ. माझ्या साहेबांचं शिक्षण मराठीतलं. एका ठिकाणी वडील अडखळले तेव्हा साहेबांनी पुढचा शब्द अंदाजाने सांगितला आणि तो बरोबर निघाला. वडिलांनी मांडीवर थाप मारली आणि ते पद पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. तिचा तो प्रश्न नंतर मी कधी उकरला नाही. मात्र तिनेच निघताना आईला शिरवाळीचा साचा कुठे मिळतो विचारलं, आणि पुढच्या महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतला.

गावातून जाणाऱ्या सगळ्यांना एवढंच सांगतो. काजू खाली पडलेला असला तरी तो कुणीतरी लिलावात घेतलेल्या नाहीतर वाडवडिलांनी लावलेल्या बागेतला असतो. विचारा, कुणी नाही म्हणत नाही. गाणी लावायची असतील तर गाव ओलांडल्यावरही लावू नका, गवळी-धनगरांची गुरं रानात चरत असतात, बुजतात. आणि बाटल्या. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गाईच्या खुरात काच गेली होती, ती बरी व्हायला महिना लागला.

मडगाव, लेखा विभाग

आम्ही सहाजण जानेवारीत निघायचं म्हणतो आहोत. दोघींनी आयुष्यात डोंगर चढलेला नाही, एका सहकाऱ्याचं गुडघ्याचं दुखणं आहे. एकदम साळजिणी नको ना? आणि वर ज्यांनी गावाबद्दल लिहिलं, त्यांच्याकडे आलं तर चालेल का, आगाऊ पैसे देऊन?

पणजीत नोकरी, गाव सत्तरीत

या. गुडघ्यासाठी रायेची वाट चांगली, चढ फारसा नाही. सकाळी लवकर निघा, अकरानंतर ऊन लागतं. जेवणाचं काकींकडे सांगतो, त्यांचा दर ठरलेला आहे. तिझण मात्र आईच करील, त्याचे पैसे ती घेणार नाही, तेवढं विचारू नका.