मदत हवी आहे: सव्वा महिन्याच्या बाळाचं क्लबफुटचं प्लास्टर

नमस्कार, आम्ही डिचोलीचे. लेकीचा उजवा पाय जन्मापासून आत वळलेला आहे. डॉक्टरांनी हाताने सरळ करून पाहिला, टाच खाली येईना, म्हणून क्लबफुटच असं सांगितलं. पोन्सेटी पद्धतीने उपचार चालू आहेत. दर आठवड्याला पाय हळूहळू फिरवून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. तीन झाली. पुढे टाचेमागची शीर छोटासा छेद देऊन सैल करतील, मग दांडीचे बूट (दोन्ही बूट मधे दांडीने जोडलेले): तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर चारेक वर्षांची होईपर्यंत झोपेत.

काल रात्री दुपट्यातून काढली तर बोटं प्लास्टरच्या आत गेलेली, फक्त अंगठ्याचं टोक दिसत होतं. पोटात गोळाच आला. आज सकाळीच नेऊन प्लास्टर बदलून आणलं. असं कुणाचं घसरलं होतं का? या पावसात लंगोट बदलताना प्लास्टर कोरडं कसं ठेवता? आणि बूट गोव्यात कुठे मिळाले, फोड आले तर काय केलंत?

सासूबाई म्हणतात, तेल लावून चोळलं की सुटेल. त्यांची माया कळते, पण मी प्लास्टर थांबवणार नाही. ज्यांची मुलं यातून गेलीत, त्यांनी कृपया लिहा.