फुकेत : फांग-न्गा उपसागरातली दिवसभराची बोटसहल ज्येष्ठ, लहान मूल आणि शाकाहारी मंडळींना झेपेल का?

डोंबिवलीफास्ट

नमस्कार मंडळी,

दिवाळीत भाऊबीज आटोपली की लगेच थायलंडमधल्या फुकेतला निघतोय. मुक्काम पातोंगला. बरोबर साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा, ६८ आणि ७२, साबांचे गुडघे दुखरे आहेत) आणि पाच वर्षांची लेक. फांग-न्गाची पूर्ण दिवसाची बेटांची सहल करायची आहे: जेम्स बाँड बेट, होंग बेट, पनाकच्या गुहा, पाण्यावरचं गाव वगैरे. स्पीडबोट, मोठी बोट आणि लांब शेपटाची लाकडी होडी यांत काय घ्यावं? गुहेतली कनू (वल्ह्याची छोटी होडी) सगळ्यांना जमते का? साबा पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. आणि बोट लागण्याचं काय करायचं? पोहायला फक्त मला येतं.

फुकेतकर

मोठी बोट घ्या. दुखरे गुडघे आणि लहान मूल असताना स्पीडबोटीचा विचारच नको.

स्पीडबोट वेगात असताना तिचा पुढचा अर्धा भाग पाण्याबाहेर उचललेला असतो आणि प्रत्येक लाटेवर आपटतो. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, मोकळ्या बाकांवर तो दणका थेट कण्यात जातो. म्हणूनच गरोदर बायका आणि पाठीचा आजार असलेल्यांना बहुतेक कंपन्या चढूच देत नाहीत. तरी घेतलीच, तर मधल्या भागात किंवा त्याच्या थोडं मागे बसा. अगदी शेवटच्या बाकावर इंजिनांचा आवाज आणि पेट्रोलचा वास, त्यानेच निम्म्या लोकांना मळमळतं. शिवाय बहुतेक थांब्यांवर मागच्या शिडीने उतरावं लागतं, कधी गुडघाभर पाण्यात. शिडीच्या पायऱ्या अरुंद असतात आणि बोट हलत असते.

लाकडी होडीला ट्रकचं नाहीतर मोटारीचं इंजिन बसवलेलं असतं आणि त्याला लांब दांड्यावर पंखा. दिसायला झकास, पण कान किटतात आणि तुषारांनी माणूस निथळतो. फांग-न्गा गावाकडच्या था दान धक्क्यावरून तीन-चार तासांसाठी ठरवायला ती उत्तम, कारण तिथून खारफुटीच्या खाडीतून अंतर कमी पडतं. पातोंगहून मात्र ते उलटं पडेल.

मोठी, दुमजली बोट हळू जाते. आओ पो धक्क्यावरून पनाकला पोचायला तासाभराहून अधिक लागतो. पण सावली, स्वच्छतागृह, जेवण सगळं बोटीवरच, आणि साबांना एखाद्या थांब्यावर उतरायचं नसेल तर त्या आरामात वर बसून राहतील. स्पीडबोटीवर ही सोय नाही.

आता कनू. ती हवा भरलेली रबरी असते. मागे वल्हवणारा, पुढे दोन प्रवासी. वल्हवायचं काही नाही, पण बसायचं तळाशी, पाय लांब करून, आणि तिथून उठायला हाताशी आधार फक्त कनूच्या काठाचा. खरी अडचण कनूत बसण्यात नाही, उठण्यात आहे. साबांना घरी जमिनीवर बसून कशाचाही आधार न घेता उठायला सांगा. जमलं तर कनू जमेल. नसेल तर साबुंना आणि लेकीला एका कनूत पाठवा. गुहेत छत इतकं खाली येतं की आडवं पडावं लागतं. टोपी-गॉगल आधीच काढून ठेवा आणि बोटं कनूच्या आत घ्या. भिंतींना कालवांच्या शिंपल्या चिकटलेल्या असतात, ब्लेडसारखी कापतात. वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास येतो, लेकीला आधीच सांगून ठेवा.

आणखी एक गोंधळ टाळा. 'होंग बेट' नावाची दोन बेटं आहेत. एक फांग-न्गा उपसागरात, जिथे कनूने फिरतात. दुसरं क्राबीचं, वेगळ्या राष्ट्रीय उद्यानात, तिथे किनारा, निळं पाणी आणि वर चढून बघायची जागा आहे. जाहिरातीत फोटो क्राबीचा आणि सहल फांग-न्गाची असा प्रकार सर्रास चालतो. फांग-न्गाचं पाणी खारफुटी आणि गाळामुळे हिरवट, गढूळ असतं. मासे बघत पोहायला ते नाहीच. त्यासाठी फी फी किंवा सिमिलान बेटं.

खाडीवाला

फुकेतकरांनी बोटीचं नेमकं सांगितलंय. मी फक्त तारखेबद्दल लिहितो, कारण ह्या सहलीत सगळं भरती-ओहोटीवर अवलंबून आहे आणि एजंट त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

होंग म्हणजे डोंगराच्या पोटातलं, वरून आभाळाला उघडं असलेलं तळं. आत जायचा रस्ता गुहेतून. पाणी फार वर असेल तर गुहेचं तोंड बुजतं. फार खाली असेल तर आत चिखल उघडा पडतो आणि कनू रुतते. मधल्या पातळीलाच आत-बाहेर करता येतं.

आता दिवाळी बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे उधाण. आणि उधाणाचा जोर अमावास्येनंतर एक-दोन दिवस जास्त असतो, म्हणजे पाडवा-भाऊबीजेलाच. तेव्हा फुकेतच्या बाजूला भरती आणि ओहोटीच्या पातळीत अडीच मीटरच्या आसपास फरक पडतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, तोच फरक मीटरभर किंवा त्याहून कमी.

याचा गुहेशी संबंध असा. सहा तासांच्या ओहोटीत पाणी एकसारखं उतरत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात एकूण फरकाचा निम्मा हिस्सा निघून जातो. म्हणजे उधाणाला दोन तासांत सव्वा मीटर, आणि भांगाला जेमतेम अर्धा मीटर. उधाणाच्या दिवशी गुहा 'उघडी' असण्याचा वेळ आखूड, आणि तुमची बोट ठरलेल्या वेळापत्रकाने येणार. बोट वेळेत पोचली नाही तर बाहेरूनच कडे दाखवून पुढे नेतात. भांगाला पाणी दिवसभर मध्यम पातळीच्या जवळपास घुटमळतं, त्यामुळे बहुतेक गुहांसाठी वेळ लांबतो.

तेव्हा पहिले दोन-तीन दिवस फुकेतमध्येच भटका आणि बोट षष्ठी-सप्तमीकडे ढकला. फुकेतचं भरतीचं कोष्टक बघा. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला कोकणातला ठोकताळा तिथे लावू नका, तो आपल्या किनाऱ्यापुरता आहे.

डोंबिवलीफास्ट

बाप रे, तिथी बघून बोट ठरवायची हे डोक्यातच आलं नव्हतं. मग गर्दीचं काय? आणि नोव्हेंबरात समुद्र खवळलेला असतो का?

फुकेतकर

नोव्हेंबरात नैर्ऋत्य मोसमी वारे ओसरलेले असतात. तसाही फांग-न्गा उपसागर फुकेत बेटाच्या आडोशाला आहे, म्हणून ह्या सहली बारमाही चालतात. फी फीकडे जाणारा पट्टा मात्र उघडा आहे. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ 'फिनिक्स' ही पर्यटक बोट वादळी हवेत बुडून ४७ जण गेले, हवामान खात्याचा इशारा असताना. पावसाळ्यात लहान बोटींसाठी इशारा लागला की कंपनीने पैसे परत द्यावेत किंवा तारीख बदलावी, हे बुकिंग करतानाच लिहून घ्या. डिसेंबर-जानेवारीत ईशान्य वारा उलट पूर्व किनाऱ्यावर लागतो, त्यामुळे आओ पोची सकाळ कधीकधी उसळती असते. तुमच्या तारखांना फार तर दुपारी एखादी सर येईल.

गर्दी: जेम्स बाँड बेटावर साधारण साडेदहा ते दीड या वेळात जत्रा असते. उतरतात खाओ फिंग कान बेटावर, आणि तिथून समोर दिसतो तो को तापू हा सुळका, उंची सुमारे २० मीटर. वर रुंद आणि पाण्याजवळ निमुळता, कारण भरती-ओहोटी चुनखडक खालून खात राहते. म्हणूनच १९९८ पासून बोटींना त्याच्या जवळ जायला बंदी आहे. १९७४ च्या बाँडपटामुळे ते नाव पडलं, नाहीतर अर्धा तास पुरे. माझ्या मते ह्या सहलीतला हा सगळ्यात सामान्य थांबा आणि पनाकच्या गुहा सगळ्यात भारी. तिथल्या टपऱ्यांवरून प्रवाळ, शंख काही घेऊ नका. प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याखाली येतं, विमानतळावर डोकेदुखी होईल.

दुपारी निघून अंधार पडल्यावर परतणाऱ्या कनू-सहलीही असतात. गर्दी टळते आणि रात्री पाण्यात चमकणारे जीव दिसतात. पण पाच वर्षांच्या मुलीला परतायला फार उशीर होईल.

वरणभात

शाकाहाराचं मी सांगते. को पान्यी हे पाण्यात खांबांवर उभं असलेलं मुस्लिम कोळ्यांचं गाव आहे. काही सहलींचं जेवण तिथेच असतं. डुकराचं मांस आणि दारू नाही, एवढ्याने लोकांना वाटतं की आता चिंता मिटली. मिटत नाही. 'व्हेज' म्हणून येणाऱ्या भाजीतही माशांचं पाणी, म्हणजे नाम प्ला, पडलेलं असतं. आमटीसारख्या कढीत कोळंबीची चटणी, परतलेल्या भाजीत कालवांचा सॉस.

'व्हेजिटेरियन' शब्द वापरूच नका. 'जे' म्हणा. थाई 'जे' जेवणात मांस, मासे, अंडी, दूध आणि नाम प्लाही चालत नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, ते फोनमध्ये जतन करून ठेवा आणि दाखवा. तोंडी सांगायचं तर 'माय साय नाम प्ला' आणि अंड्यासाठी 'माय साय खाय'. बुकिंगच्या वेळी लेखी कळवा, आदल्या दिवशी परत आठवण द्या. बोटीवरचं जेवण सकाळीच शिजवून चढवतात, ऐनवेळी कोणी काही करू शकत नाही.

एवढं करूनही साबांसाठी मेथीचे ठेपले आणि लिंबाचं लोणचं असू द्या. स्टीलच्या डब्यात न्या, कारण राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायचं प्लॅस्टिक आणि थर्माकोल चालत नाही. गावात फिरताना खांदे-गुडघे झाकलेले बरे. वाट लाकडी फळ्यांची आहे, मध्ये फटी आहेत, काठी टेकणाऱ्यांनी सांभाळून.

गोळीवाला

बोट लागण्याबद्दल: प्रोमेथाझिनची गोळी (आपल्याकडची एव्होमिन) निघण्याआधी एक-दोन तास घ्यायची. धक्क्यावर पोचून घेतली तर उशीर झालेला असतो. तिने चांगलीच झोप येते. साबु रक्तदाब, प्रोस्टेट किंवा काचबिंदूची औषधं घेत असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. लेकीचा डोस बालरोगतज्ज्ञांकडून वजनानुसार, अंदाजाने अर्धी गोळी तोडून नाही. तिकडे याच कामाचं डायमेनहायड्रिनेट सहज मिळतं, पण दोन्ही एकत्र घेऊ नका. उपाशीपोटी बोटीत चढू नये आणि भरपेटही नाही. इडली-केळं पुरे. मळमळायला लागलं की फोन खाली ठेवा, क्षितिजाकडे बघा.

जेलीफिश चावला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. व्हिनेगर निदान अर्धा मिनिट ओतत राहा. थायलंडच्या बऱ्याच किनाऱ्यांवर त्यासाठी खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात. माकडांपासून लेकीला लांब ठेवा. ओरखडा उठला तरी साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

पावतीफाड

पैशांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. आओ फांग-न्गा उद्यानाचं परदेशी पर्यटकांसाठीचं शुल्क मोठ्यांना ३०० बाट, मुलांना १५०. स्वस्त तिकिटात हे धरलेलं नसतं आणि धक्क्यावर रोख मागतात. विचारून घ्यायच्या गोष्टी: शुल्क धरलंय का, कनू किती थांब्यांवर, पातोंगहून ने-आण आहे का, आणि बोटीवर जास्तीत जास्त किती माणसं. वल्हवणाऱ्याला कनूमागे ५० ते १०० बाट बक्षिसी द्यायची पद्धत आहे, सुटे ठेवा. कंपनीचा परवाना क्रमांक पावतीवर असला पाहिजे. फसवणूक झाली तर पर्यटक पोलीस ११५५.

सनस्क्रीनचं लेबल वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेटसह चार घटक ऑगस्ट २०२१ पासून थायलंडच्या सागरी उद्यानांत बंद आहेत, दंड एक लाख बाटपर्यंत. झिंक ऑक्साइडवालं न्या, नाहीतर पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट. ई-सिगारेट संपूर्ण देशातच बेकायदा आहे, कोणी ओढत असेल तर घरीच ठेवायला सांगा.

डोंबिवलीफास्ट

सगळ्यांचे आभार. सप्तमीची मोठी बोट बघतोय. शेवटची शंका, लेकीच्या लाइफ जॅकेटची. इथूनच न्यावं का?

खाडीवाला

तिचं वजन कळवून लहान मुलांचं जॅकेट मागून घ्या. बोटीवर असतात, पण मोजकी. चढल्याचढल्या तपासा: घालून सगळे पट्टे आवळा आणि दोन्ही खांद्यांवरून धरून वर ओढा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात पोरगी त्यातून खाली निसटेल. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं मिळालं तर तेच घ्या. फुगवायचे दंडपट्टे त्याऐवजी चालत नाहीत. अशा मापाचं नसेल असं कंपनीने सांगितलं तर मात्र इथूनच न्या, बॅगेत फार जागा खात नाही. आणि कनूत बसताना खलाशी 'आत पाणी शांत आहे' म्हणून काढायला सांगेल, काढू नका.