सेल्फ जोमाने फिरतो, पण सीएनजी बसवलेली गाडी सुरू होत नाही

प्रश्न

नमस्कार. माझी पेट्रोल गाडी दहा वर्षे जुनी असून पाच वर्षांपूर्वी तिला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतले आहे. हडपसर ते चाकण असे रोजचे जाणे-येणे आहे आणि आजवर गाडीने कधी त्रास दिला नव्हता. परवा सकाळी मात्र सेल्फ नेहमीसारखाच फिरला, पण इंजिनाने एकदाही पकड घेतली नाही. आदल्या रात्री गाडी व्यवस्थित चालवून उभी केली होती. बॅटरी आठ महिन्यांपूर्वीचीच आहे आणि चावी दिल्यावर चेक इंजिनचा दिवाही नेहमीप्रमाणे लागतो.

जवळच्या मेकॅनिकने चारही स्पार्क प्लग बदलले, परंतु काही फरक पडला नाही. आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, गेला असावा, तो बदलून पाहू, असे त्याचे म्हणणे आहे. हा खर्च मला सहज झेपण्यासारखा नाही आणि पुढच्या आठवड्यात वडिलांना तपासणीसाठी घेऊन जायचे आहे. ईसीएमला हात लावण्यापूर्वी घरच्या घरी काय काय तपासता येईल? पेट्रोलचा काटा शेवटच्या कांडीवर आहे, पण गाडी बहुतेक गॅसवरच चालत असल्याने तो नेहमी तिथेच असतो.

पहिले उत्तर

ईसीएमचा विचार तूर्त पूर्णपणे बाजूला ठेवावा. चावी दिल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो, याचा अर्थ ईसीएमला वीज पोहोचते आहे आणि तो जागा आहे. तो कधीच बिघडत नाही असे नाही, पण संशयितांच्या यादीत त्याचे नाव अगदी शेवटी यायला हवे. सेल्फ जोमाने फिरतो म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर यांचे काम चोख आहे. आता इंजिनाला पुरेशा दाबाचे पेट्रोल, योग्य वेळी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये नीट दाबली जाणारी हवा (कॉम्प्रेशन), यांपैकी काय मिळत नाही एवढेच शोधायचे आहे.

सुरुवात कानांनी करावी. सकाळी आजूबाजूला शांतता असताना घरातल्या कोणाला तरी चावी फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवायला सांगा, सेल्फ मारू देऊ नका, आणि स्वतः मागच्या सीटवर कान टेकवून बसा. बहुतेक गाड्यांत टाकीतला पेट्रोल पंप या वेळी दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज करून थांबतो. आवाज आलाच नाही तर आधी फ्यूज पाहावा, मग पंपाचा रिले, म्हणजे त्याला वीज जोडणारा छोटा विद्युत स्विच. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो. नंबर तंतोतंत जुळत असेल तरच तो तात्पुरता पंपाच्या जागी लावून पाहता येतो.

सेल्फ मारताना आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्या. चावीचे चित्र असलेला इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहत असेल, तर ईसीएमने चावी ओळखलेली नाही आणि तो मुद्दामच इंजिन सुरू होऊ देत नाही. अशा वेळी दुसरी चावी वापरून पाहावी. दुसरी गोष्ट आरपीएमच्या काट्याची. सेल्फ फिरताना काटा थोडासा वर उचलला गेला, तर क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिनाचे फिरणे ओळखणाऱ्या सेन्सरचा, संकेत ईसीएमपर्यंत पोहोचतो आहे असे मानायला हरकत नाही. काटा शून्यावरच चिकटून राहिला तर तो सेन्सर संशयास्पद ठरतो, कारण इंजिन फिरते आहे हेच ईसीएमला कळले नाही तर तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. काही गाड्यांचा काटा एवढ्या कमी फेऱ्यांना हलतच नाही, म्हणून ईसीएममधले दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर खात्री करून घ्यावी. तिथे पी ०३३५ हा कोड दिसला तर क्रँक सेन्सर आणि त्याचे वायरिंग तपासावे.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण तुमच्या गाडीत गॅस आहे ही तपासाच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे. सिक्वेन्शियल किट असलेली गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि इंजिन पुरेसे गरम झाल्यावर गॅसवर जाते. मात्र पेट्रोलची बाजू बंद पडली तर थेट गॅसवर सुरू करण्याची तजवीज अनेक किटमध्ये केलेली असते. बऱ्याच ठिकाणी डॅशबोर्डवरचे गॅसचे बटण दाबून धरून चावी ‘ऑन’ करायची आणि मग सेल्फ मारायचा, अशी पद्धत असते. तुमच्या किटची नेमकी रीत त्याच्या पुस्तिकेत मिळेल.

या पद्धतीने इंजिन सुरू झाले, तर ठिणगी, कॉम्प्रेशन, क्रँक सेन्सर आणि ईसीएम हे सगळे एका झटक्यात निर्दोष ठरतात आणि दोष पेट्रोलच्या मार्गातच उरतो. काटा कायम शेवटच्या कांडीवर असतो असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

तिसरे उत्तर

एक काळजीची सूचना. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर स्टार्टर तापतो. बॉनेटखाली आणि टाकीजवळ उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, हेही टॉर्च घेऊन पाहावे. पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या दोन गाड्या याच कारणाने बंद पडल्या होत्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी तपासले. मागच्या सीटवरून कोणताही आवाज आला नाही, फ्यूज शाबूत होता, इमोबिलायझरचा दिवा विझत होता आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचित वर येत होता. त्यानंतर बटण दाबून धरून गॅसवर सेल्फ मारला आणि गाडी दुसऱ्याच प्रयत्नात सुरू झाली.

ती गॅसवरच दुसऱ्या गॅरेजला नेली. तिथल्या मेकॅनिकने सेल्फ मारत असताना पंपाच्या कनेक्टरवर मीटर धरले, तेव्हा बॅटरीइतकीच वीज तिथपर्यंत येत होती, पण पंप मात्र ढिम्म होता. बॅटरीची वायर काढून आणि दाब मोकळा करून त्याने पंप वर काढला, तेव्हा तळाची जाळी तपकिरी गाळाने गच्च भरलेली होती आणि कनेक्टरमधली एक पिन काळी पडून भोवतीचे प्लास्टिक वितळले होते. टाकीत जेमतेम तीन लिटर पेट्रोल असेल. नवा पंप, जाळी आणि कनेक्टर बसवल्यावर गाडी आता पेट्रोलवर पहिल्याच चावीला सुरू होते.

गाडी दिवसभर गॅसवर चालत असताना पेट्रोलचा पंप जळलाच कसा, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही.

दुसरे उत्तर देणारे

बाहेरून बसवलेल्या बऱ्याच किटमध्ये गॅसवर गेल्यावर फक्त पेट्रोलचे इंजेक्टर बंद केले जातात, पंप तसाच फिरत राहतो. म्हणजे तुमच्या रोजच्या प्रवासात तो तासन्‌तास चालूच होता. हा पंप भोवतालच्या आणि स्वतःमधून वाहणाऱ्या पेट्रोलनेच थंड राहतो. टाकीत दोन-तीन लिटरच असले की तेवढेच पेट्रोल तापत राहते, पंप उघडा पडतो, आणि चढावर किंवा वळणावर पेट्रोल बाजूला सरकले की तो कोरडाच फिरतो. त्यात जाळी तुंबलेली असली तर पंपाला जास्त जोर लावावा लागतो, तो जास्त करंट ओढतो आणि सैल पिन तापून वितळते.

टाकीत कायम किमान पाव भाग पेट्रोल ठेवावे आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी, म्हणजे पेट्रोल शिळे होत नाही. टाकीचा तळ साफ करून घेतला आहे का, हे त्या मेकॅनिकला आवर्जून विचारा, कारण गाळ तसाच राहिला असेल तर तो नव्या जाळीवर पुन्हा जमेल.