थर्मल स्टोअर: दोन अंघोळींत सगळी टाकी कोमट

प्रश्न: ३०० लिटरचा थर्मल स्टोअर, म्हणजे गरम पाण्यात उष्णता साठवणारी टाकी, आहे. नळाचं पाणी बाहेरच्या प्लेट हीट एक्स्चेंजरमधून (दोन्ही पाणी न मिसळता, पातळ प्लेटांतून टाकीची उष्णता नळाच्या पाण्याला देणारं यंत्र) तापतं. नळ उघडून पाणी वाहू लागलं आणि फ्लो स्विच लागला की पंप पूर्ण वेगाने धावतो. सुरुवातीला वर ७५ अंश असतात, तरी असं का?

उत्तर: पंप गरजेपेक्षा जास्त पाणी फिरवतोय. एक्स्चेंजरमधून परतणारं पाणी २५-३० अंशांवर यायला हवं. ते ५०ने येत असेल तर तळाचा थंड थर मोडतो आणि टाकी ढवळली जाते. आधी परतीच्या पाइपला सेन्सर बांधून खात्री करा. मग वेग बदलता येणारा पंप लावा. त्याचा सेन्सर नळाकडच्या गरम पाण्यावर, एक्स्चेंजरच्या अगदी तोंडाशी हवा. लक्ष्य ५० अंश. सेन्सर लांब गेला की वेग हेलकावे खातो.

दुसरं उत्तर: फ्लो स्विच मात्र काढू नका. नळ बंद असताना सेन्सर थंड होतो आणि पंप उगाच सुरू होतो. पाणी जड असेल तर टाकीकडच्या बाजूला मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात थंड मिसळणारा) बसवून एक्स्चेंजरमध्ये जाणारं पाणी ६० अंशांवर रोखा, नाहीतर प्लेटांवर क्षार धरतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच, नाहीतर पंप बंद असतानाही गरम पाणी आपोआप वर सरकत राहतं.

प्रश्नकर्ता: आणि सोलरचा पंप?

उत्तर: सोलर पॅनेल आणि टाकी यांच्या तापमानातल्या फरकावर चालवा. ८ अंशांना सुरू, ४ला बंद. टाकीचा सेन्सर सोलर कॉइलच्या (टाकीतली, सोलरची उष्णता देणारी नळी) उंचीवर, वर नव्हे.