पोटऱ्या भरलेल्या, पण ताकद नाही : एमआरआयने स्नायूतील चरबी कशी मोजतात?

प्रश्न (झरी जामणी तालुका, यवतमाळ)

नमस्कार. माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. खाली बसला की तो आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकवत उभा होतो आणि वावराच्या धुऱ्यावरून चालताना हल्ली वारंवार पडतो. पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या असल्यामुळे घरच्या वडीलधाऱ्यांना आजार पटतच नाही. रक्तातले सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारे विकर) फार वाढलेले निघाले आणि जनुकीय तपासणीत ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे निदान झाले. आता डॉक्टरांनी दोन्ही पायांचा एमआरआय करून ‘फॅट फ्रॅक्शन’ म्हणजे चरबीचे प्रमाण काढायला सांगितले आहे. निदान झालेले असताना ही तपासणी कशासाठी, आणि मांसातली चरबी यंत्राला मोजता कशी येते?

उत्तर (रेडिओलॉजिस्ट, नागपूर)

निदान जनुकीय तपासणीनेच पक्के होते. एमआरआयचे काम त्यानंतरचे, म्हणजे आजार कुठवर आला हे मोजण्याचे. स्नायुतंतूंना बळकटी देणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन नसल्यामुळे स्नायुतंतू पुन्हा पुन्हा फाटतात आणि त्यांची जागा हळूहळू चरबी व तंतुमय ऊतक घेते. भाच्याच्या पोटऱ्या भरलेल्या दिसतात त्यात या भरतीचा मोठा वाटा असतो, आणि टेपने घेर मोजून ते कळत नाही.

एमआरआय हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा संदेश टिपतो. पाण्यातील आणि चरबीतील हायड्रोजनच्या वारंवारतेत दहा लाखांत सुमारे साडेतीन भागांचा फरक असतो, जो १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचे एकक) यंत्रावर सुमारे २२० हर्ट्‌झ भरतो. त्यामुळे पावलांत किंचित फरक असलेल्या बैलजोडीच्या घुंगरांप्रमाणे हे दोन संदेश कधी एकत्र पडतात, कधी उलटसुलट. संदेश सुरू झाल्यापासून सुमारे २.३ मिलिसेकंदांनी ते परस्परविरुद्ध असतात आणि ४.६ मिलिसेकंदांनी पुन्हा जुळतात. दोन्ही क्षणांच्या प्रतिमांची बेरीज केली की पाणी उरते, वजाबाकी केली की चरबी. संशोधक डिक्सन यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही पद्धत आता अधिक प्रतिध्वनी (वेगवेगळ्या क्षणांना टिपलेले संदेश) घेऊन, चुंबकीय क्षेत्रातील असमानतेची दुरुस्ती करून वापरली जाते.

त्यानंतर एकेका स्नायूची कड आखून, त्वचेखालची चरबी वगळून, चरबी आणि पाणी यांच्या एकूण संदेशात चरबीचा वाटा किती टक्के हे काढतात; हेच फॅट फ्रॅक्शन. निरोगी मुलाच्या मांडीत तो सहसा १० टक्क्यांच्या आत असतो. ड्युशेनच्या पुढच्या टप्प्यात ५० च्याही वर जातो. सगळे स्नायू सारखे बिघडत नाहीत, हे मात्र पाहण्यासारखे आहे : मांडीच्या बाहेरच्या बाजूचा व्हास्टस लॅटरॅलिस हा स्नायू चरबीमुळे प्रतिमेत पांढरा पडलेला असताना आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस हा स्नायू बराचसा शाबूत दिसू शकतो. साध्या टी१ प्रतिमेवरून (चरबी उजळ दाखवणारी, पण न मोजणारी नेहमीची एमआरआय प्रतिमा) ‘मध्यम चरबी’ एवढाच शेरा मिळतो आणि वर्षभराने तुलना करायला तो फारसा उपयोगी पडत नाही, म्हणून डिक्सन प्रतिमा घेणार का हे केंद्राला आधीच विचारावे.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, वर्धा जिल्हा)

हा आकडा एकटा वाचू नये. जमिनीवरून उठायला लागणारा वेळ आणि सहा मिनिटांत चाललेले अंतर त्याच सुमारास नोंदवून ठेवावे. चालणे वरवर तसेच असतानाही चरबी वाढत असू शकते, आणि या मापनाचे मोल नेमके तिथे आहे. तपासणीआधी मुलाला दमवू नका; श्रमाने स्नायूतील पाण्याचा टी२ (त्याचा संदेश किती वेळ टिकतो याचे माप) वाढतो आणि सूज असल्याचा भास होऊ शकतो.

उत्तर (एक पालक, चंद्रपूर जिल्हा)

भाऊ, यात क्ष-किरण नसतात, आणि या मोजणीसाठी सहसा इंजेक्शनही लागत नाही. आवाज मोठा असतो, तेव्हा मुलाला आधी सांगून ठेवा आणि करदोट्यात धातूचे काही असल्यास काढून घ्या. फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागा. आणि आपल्या बहिणीची वाहक तपासणी (स्वतःला आजार नसला तरी सदोष जनुक अंगात आहे का, याची) झाली नसेल तर तीही करून घ्यावी. घरातल्या इतर मुलींच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पुढच्या वर्षी दुसऱ्या केंद्रात ३ टेस्लाचे यंत्र मिळाले, तर तुलना चालेल का?

उत्तर (रेडिओलॉजिस्ट, नागपूर)

शक्यतो यंत्र तेच ठेवावे. पद्धत नीट दुरुस्त केलेली असेल तर टक्केवारी बऱ्यापैकी जुळते. घोळ होतो तो छेदाच्या, म्हणजे पायाच्या ज्या आडव्या कापाची प्रतिमा घेतली त्याच्या, जागेचा. एकाच स्नायूत मध्यभागी आणि टोकांशी चरबी वेगवेगळी असते, म्हणून मांडीच्या हाडावर कुठे छेद घेतला हे अहवालात लिहून घ्या. तेही सेंटीमीटरमध्ये नको, हाडाच्या लांबीच्या टक्क्यांत हवे, कारण वर्षभरात मुलाचे हाडही वाढलेले असेल.